रूट कॅनल केल्याने हृदय बिघडते का?

दाताच्या मुळाशी दडलेले जंतू रक्तावाटे हृदयापर्यंत जाऊ शकतात, हे खरे आहे. पण म्हणून रूट कॅनललाच घाबरायचे का? नेमकी काळजी कोणी घ्यायची आणि कशाची, याची ही माहिती.

गेल्या दिवाळीत मी बंगळूरला मावशीकडे गेले होते. माझा मावसभाऊ तिथे एका कॉम्प्युटर कंपनीत आहे. काका गेल्यानंतर मावशी सांगलीचे घर बंद करून त्याच्याकडे महादेवपुऱ्यात राहायला आली. सकाळी फराळाला बसलो, तेव्हा तिने ताटातली चकली हळूच बाजूला सारली आणि चिवड्यातले फक्त मऊ पोहे वेचून खायला सुरुवात केली.

‘‘काय गं मावशी, स्वतः केलेली चकली स्वतःच खात नाहीस?’’ मी थट्टेने विचारले.

‘‘अगं, डावीकडची दाढ ठणकतेय. महिना होत आला.’’

मग एकेक गोष्ट बाहेर येत गेली. लवंगेचे तेल लावून झाले होते, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या होत्या, दुखणे थांबवायच्या गोळ्या तर रोजच चालू होत्या. जवळच्या एका दवाखान्यातल्या दंतवैद्यांनी दाढेचा एक्स-रे काढून ‘मुळाशी पू झाला आहे, रूट कॅनल करावे लागेल’ असे सांगितले होते. वेळही ठरली होती. पण आदल्या रात्री मोबाइलवर नातेवाइकांच्या ग्रुपमध्ये एक संदेश आला. रूट कॅनल केलेल्या दातात जंतू कायमचे राहतात आणि तिथून हृदयात जातात, असे त्यात लिहिले होते. मावशीने दुसऱ्या दिवशी जाणे रद्द केले.

‘‘दुसऱ्यांचं ठीक आहे गं. माझी झडप बदललेली. हृदयाशी खेळ कशाला?’’

मावशीला लहानपणी सांध्यांचा ताप, म्हणजे डॉक्टर ज्याला रुमॅटिक ताप म्हणतात तो, येऊन गेला होता. त्यात हृदयाची झडप खराब झाली. पुढे ती बदलून तिथे कृत्रिम झडप बसवली, त्याला आता बारा वर्षे झाली. ‘‘हे त्या दातांच्या डॉक्टरांना सांगितलंस का?’’ मी विचारले. त्यांनी विचारले नव्हते आणि हिनेही सांगितले नव्हते. दाताचा आणि हृदयाचा काय संबंध, असे तिला तेव्हा वाटले होते. संबंध आहे हे त्या संदेशाने सांगितले, पण ते अर्धवट.

आणखी एक गोष्ट ती सहज बोलून गेली, आणि माझ्या काळजात चर्र झाले. मधल्या काळात संध्याकाळी अंगात कणकण असायची. औषधांच्या दुकानातून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून तिने तीन दिवस घेतल्या होत्या.

त्याच दिवशी आम्ही तिच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन केला. त्यांनी काय सांगितले ते पुढे येईलच. आधी हा दाताचा आणि हृदयाचा संबंध नीट समजून घेऊ या.

जंतू हृदयापर्यंत जातात कसे?

माणसाच्या तोंडात जंतूंच्या सुमारे सातशे जाती आढळतात. एरवी ते तिथे निमूटपणे राहतात. पण हिरडीला इजा झाली, दात काढला किंवा किडलेल्या दाताच्या मुळाशी पू साठला, की त्यातले काही रक्तात शिरतात. निरोगी माणसाच्या शरीरातील संरक्षक पेशी त्यांचा थोड्याच वेळात फडशा पाडतात. आपल्याला पत्ताही लागत नाही.

हृदयाचे अस्तर आणि झडपा गुळगुळीत असतात. त्यामुळे वाहत्या रक्तातल्या जंतूंना तिथे बूड टेकायला जागा मिळत नाही. पण झडप खडबडीत झालेली असेल किंवा कृत्रिम असेल, तर तिच्यावर रक्तातल्या गोठणाऱ्या घटकांचा बारीक थर बसतो. जंतूंना हा थर चांगलाच मानवतो. तोंडातले काही जंतू चिकट पदार्थ तयार करतात. दातावर ज्या गुणामुळे ते चिकटून बसतात, त्याच गुणामुळे झडपेवरही बसतात. तिथे ते वाढतात, त्यांचा पुंजका तयार होतो आणि झडप हळूहळू कुरतडली जाते. पुंजक्याचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर अर्धांगवायूचा झटका येऊ शकतो. या आजाराला इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस असे नाव आहे.

आजार विरळाच आहे. दर लाख लोकांमागे वर्षाला साधारण ३ ते १० जणांना तो होतो. पण झाला तर चार ते सहा आठवडे शिरेतून औषधे द्यावी लागतात, अनेकांची शस्त्रक्रिया करावी लागते, आणि इतके करूनही इस्पितळात दाखल झालेल्या पाचांपैकी जवळजवळ एक रुग्ण दगावतो. कृत्रिम झडप असलेल्यांना तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणजे मावशीची भीती अगदीच निराधार नव्हती.

एका संगीतकाराचा शेवट

या आजाराचे एक प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ऑस्ट्रियाचा संगीतकार गुस्ताव माहलर. १९०७ मध्ये डॉक्टरांनी त्याच्या हृदयाच्या झडपेत दोष असल्याचे निदान केले. १९११ च्या सुरुवातीला तो न्यूयॉर्कमध्ये असताना ताप येऊ लागला, तो हटेना. तिथल्या डॉक्टरांनी त्याचे रक्त घेऊन त्यात जंतू वाढतात का ते पाहिले. ही तपासणी त्या काळी नवीनच होती. त्यात स्ट्रेप्टोकॉकस विरिडन्स जातीचे जंतू वाढले. रक्त घातलेल्या माध्यमावर हे जंतू हिरवट छटा उमटवतात, म्हणून त्यांना हिरव्यासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून हे नाव पडले. त्यांचे नेहमीचे घर म्हणजे आपले तोंड आणि घसा. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून सतरा वर्षे होती. त्यामुळे निदान अचूक होऊनही उपाय नव्हता. १८ मे १९११ रोजी व्हिएन्नात, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी माहलर गेला.

त्याच्या बाबतीत जंतू दातातून गेले की घशातून, हे आज कोणी सांगू शकणार नाही. पण आधीच सदोष असलेली झडप आणि तोंडात राहणारा जंतू ही जोडी तेव्हापासून डॉक्टरांच्या मनात पक्की बसली.

मग रूट कॅनल बदनाम का झाले?

त्याच सुमारास दुसरीही एक लाट आली. १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी कॅनडात माँट्रियल येथे एक व्याख्यान दिले. शरीरातल्या कितीतरी आजारांचे मूळ तोंडातल्या पुवात आहे आणि वरवरची दातदुरुस्ती तो पू झाकून ठेवते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे अमेरिकेतले दंतवैद्य वेस्टन प्राइस यांनी रूट कॅनल केलेले दात काढून सशांच्या कातडीखाली बसवले. ससे आजारी पडले, म्हणून हे दातच रोगांचे मूळ आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९२३ मध्ये त्यांचे ग्रंथ प्रसिद्ध झाले. मग काय, सांधे दुखतात, काढा दात. मन ठिकाणावर नाही, काढा दात. हजारो लोकांचे चांगले दात या भरात उपटले गेले.

इतरांनी तसेच प्रयोग काळजीपूर्वक करून पाहिले, तेव्हा प्राइस यांचे निष्कर्ष टिकले नाहीत. दात काढताना आणि हाताळतानाच त्यांना तोंडातले जंतू लागत होते, आणि सशाच्या इवल्याशा शरीरात ते प्रचंड संख्येने जात होते. शिवाय दात उपटूनही लोकांचे आजार बरे होत नव्हते. १९५१ मध्ये अमेरिकन दंतवैद्यक संघटनेच्या नियतकालिकाने या साऱ्या पुराव्याचा आढावा घेतला आणि दंतवैद्यकाने ही कल्पना मागे टाकली.

पण जुनी अफवा नवे कपडे घालून पुन्हा येते. २०१९ च्या सुरुवातीला रूट कॅनलवर असेच आरोप करणारा ‘रूट कॉज’ नावाचा माहितीपट नेटफ्लिक्सवर आला. दंतवैद्यांच्या संघटनांनी हरकत घेतल्यावर काही आठवड्यांतच तो तिथून काढला गेला. त्यातले दावे मात्र संदेशांच्या रूपाने घरोघर फिरत राहिले. मावशीला आलेला संदेशही याच कुळीतला.

रूट कॅनलमध्ये नेमके काय करतात?

दाताच्या आत मऊ गर असतो. त्यालाच आपण ‘नस’ म्हणतो. कीड तिथवर पोहोचली की गर सडतो आणि जंतू मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात. रूट कॅनल म्हणजे हा सडलेला गर बारीक सुयांसारख्या हत्यारांनी काढून टाकणे, पोकळी जंतुनाशकाने धुणे आणि गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने ती बंद करणे. वर टोपी बसवली की दात पुन्हा कामाला लागतो. जंतूंचा अड्डा मोडण्याचीच ही रीत आहे.

हे करताना जंतू रक्तात जातात का? कधी कधी जातात. १९९० च्या दशकात नॉर्वेतल्या ऑस्लो येथील संशोधकांनी रूट कॅनल चालू असताना रुग्णांचे रक्त तपासले. हत्यार मुळाच्या टोकाबाहेर गेले तेव्हा ते आतच राहिले त्यापेक्षा जास्त वेळा रक्तात जंतू सापडले. म्हणून कुशल हात, नीट मोजमाप आणि एक्स-रे यांना महत्त्व आहे. मुळाशी पू तसाच ठेवला, तर मात्र तिथे जंतूंचे ठाणे दिवसेंदिवस कायम राहते. शिवाय दात काढला म्हणजे धोका टळला असेही नाही, कारण दात काढताना जंतू रक्तात जाण्याचे प्रमाण रूट कॅनलपेक्षा जास्तच असते.

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात २९० रुग्णांचे रक्त तपासले होते. दात काढलेल्यांपैकी ६० टक्के लोकांच्या रक्तात तोंडातले जंतू सापडले. आधी अ‍ॅमॉक्सिसिलिन दिले होते त्यांच्यात हे प्रमाण ३३ टक्के होते. आणि नुसते ब्रशने दात घासलेल्यांत? तिथेही २३ टक्के! दात काढणे आयुष्यात एकदोनदा, घासणे मात्र रोज दोनदा. याचा अर्थ ब्रश टाकून द्यावा असा नाही. हिरड्या सुजलेल्या, रक्ताळलेल्या असतील तर जंतूंना रक्तात शिरायला वाट मिळते, हिरड्या घट्ट असतील तर ती अरुंद होते. म्हणूनच हृदयरोगतज्ज्ञ आता औषधाइतकाच, किंबहुना त्याहून जास्त भर तोंडाच्या स्वच्छतेवर देतात.

आधी औषध कोणाला लागते?

अमेरिकन हार्ट असोसिएशनने दाताच्या उपचारापूर्वी अँटिबायोटिक देण्याची शिफारस पहिल्यांदा १९५५ मध्ये केली. पुढे कितीतरी प्रकारच्या हृदयरुग्णांना ते सर्रास दिले जाऊ लागले. २००७ मध्ये या संस्थेने यादी खूप आखूड केली आणि २०२१ मध्ये तीच कायम ठेवली. ब्रिटनने तर २००८ मध्ये हे औषध देऊच नये असे ठरवले, पण २०१६ मध्ये त्या सूचनेत ‘सरसकट’ हा शब्द घातला. म्हणजे सरसकट देऊ नये, रुग्ण पाहून ठरवावे. ज्यांना धोका सर्वांत जास्त, त्यांना औषध द्यावे यावर युरोपीय तज्ज्ञांनीही २०२३ मध्ये भर दिला आहे.

आजच्या यादीत मुख्यतः हे लोक येतात :

• कृत्रिम झडप बसवलेले, किंवा झडपेची दुरुस्ती करताना कृत्रिम कडे वगैरे घातलेले
• हा आजार पूर्वी एकदा होऊन गेलेले
• जन्मजात हृदयदोषामुळे अंग निळे पडणारी आणि शस्त्रक्रिया न झालेली मुले व मोठी माणसे, तसेच अशा दोषावर कृत्रिम ठिगळ बसवून सहा महिने झाले नसतील किंवा ठिगळाजवळ अजून गळती असेल असे रुग्ण
• हृदयरोपण होऊन नव्या हृदयाच्या झडपेत दोष निर्माण झालेले

बायपास झालेली, अँजिओप्लास्टी करून स्टेंट घातलेली, पेसमेकर असलेली किंवा नुसता रक्तदाब असलेली माणसे या यादीत नाहीत. त्यांनी केवळ दातासाठी अँटिबायोटिक मागू नये. आपल्या देशात रुमॅटिक तापाने झडप खराब झालेले, पण ती अजून बदललेली नाही असे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांच्याबाबत निरनिराळ्या देशांचे नियम वेगळे आहेत, म्हणून अशांनी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांनाच विचारावे. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घेणाऱ्यांनी तेही दंतवैद्यांना सांगावे, कारण त्यांना दुसऱ्या गटातले औषध द्यावे लागते.

औषध म्हणजे आठवडाभराचा कोर्स नव्हे, एकच डोस. मोठ्या माणसाला साधारणपणे २ ग्रॅम अ‍ॅमॉक्सिसिलिन उपचारापूर्वी अर्धा ते एक तास देतात. मुलांना वजनाप्रमाणे. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर दुसरे औषध असते. पूर्वी अशा वेळी क्लिंडामायसिन देत, पण त्याचे दुष्परिणाम पाहून २०२१ पासून अमेरिकन यादीतून ते वगळले आहे. म्हणून घरातली जुनी चिठ्ठी काढून स्वतःच्या मनाने डोस घेऊ नये. एक्स-रे, तारांची किरकोळ जुळवाजुळव, काढता-घालता येणारी कवळी किंवा मुलाचा आपोआप पडणारा दुधाचा दात यांसाठी या डोसाची गरज नसते.

मावशीचे पुढे काय झाले?

हृदयरोगतज्ज्ञांनी फोनवर पहिला प्रश्न केला तो तापाचा. कृत्रिम झडप असलेल्या माणसाला कारण न कळता ताप आला, तर अँटिबायोटिक घेण्याआधी रक्ताची कल्चर तपासणी व्हायला हवी. आधीच दोनचार गोळ्या घेतल्या तर जंतू अर्धमेले होतात. मरत नाहीत, पण तपासणीत सापडतही नाहीत, आणि खरा आजार आठवडेच्या आठवडे लपून राहतो. आपल्याकडे दुकानातून गोळ्या आणायची सवय सर्रास असल्याने हे वरचेवर घडते. दुसरा प्रश्न दुखण्याच्या गोळ्यांचा. मावशीला झडपेसाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यावी लागते. तिच्या जोडीला आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या घेतल्या तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. महिनाभर ती नेमक्या त्याच घेत होती.

दुसऱ्या दिवशी वेगवेगळ्या वेळी तीनदा रक्त घेतले, हृदयाची सोनोग्राफी झाली. अहवाल येईपर्यंतचे दिवस घरात कोणी मोठ्याने बोललेही नाही. मावशी देवापुढे बसून राहायची. नातवाने आणलेले फटाके तसेच कपाटात पडून होते. पाचव्या दिवशी निरोप आला, रक्तात जंतू वाढले नाहीत, झडपही स्वच्छ आहे. कणकण दाढेतल्या पुवाची होती, असे डॉक्टरांचे मत पडले. पण घेतलेल्या गोळ्यांमुळे त्यांनी पुढचे काही आठवडे ताप मोजून लिहून ठेवायला सांगितले आणि रक्ताची तपासणी पुन्हा एकदा केली. तीही चांगली निघाली.

मग हृदयरोगतज्ज्ञांची चिठ्ठी घेऊन आम्ही पुन्हा दंतवैद्यांकडे गेलो. रक्त किती पातळ आहे ते आधी पाहिले. गोळी बंद केली नाही, कारण ती मनाने बंद केली तर झडपेवर गुठळी होण्याची भीती असते. तासभर आधी अ‍ॅमॉक्सिसिलिनचा डोस दिला आणि दोन बैठकांत रूट कॅनल झाले. दुसऱ्या बैठकीपूर्वीही डोस दिलाच. आता मावशी चकली खाते, हवी तर उजवीकडून, हवी तर डावीकडून.

महादेवपुऱ्याहून मेट्रोने व्हाइटफील्डकडे निघालात, तर ‘श्री सत्य साई हॉस्पिटल’ नावाचे स्थानक लागते. तिथल्या संस्थेत २००१ पासून हृदयशस्त्रक्रिया विनामूल्य होतात. त्याच परिसरात वैदेही संस्थेचे दंत महाविद्यालयही आहे. शहरात इमारती अशा जवळजवळ असतात, पण रुग्णाच्या दोन फायली मात्र एकमेकींना भेटत नाहीत. दाताची फाइल एका पिशवीत, हृदयाची दुसऱ्या. त्या एकत्र आणण्याचे काम घरच्या माणसांनाच करावे लागते.

हे लक्षात ठेवा

• दंतवैद्यांकडे गेल्यावर, त्यांनी विचारो न विचारो, हृदयाचा आजार, शस्त्रक्रिया आणि चालू गोळ्या सांगा. झडपेचे कार्ड पाकिटातच ठेवा.
• झडप बदलण्याचे ठरले असेल तर त्याआधीच दात तपासून घ्या. नंतर दर सहा महिन्यांनी दाखवत राहा.
• दिवसातून दोनदा मऊ ब्रशने दात घासा. हिरड्यांतून रक्त येत असेल तर ब्रश बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा.
• कृत्रिम झडप असताना ताप, थंडी, रात्रीचा घाम, धाप किंवा वजन घटणे यांतले काही जाणवले तर दुकानातून अँटिबायोटिक आणू नका. आधी रक्ततपासणी.
• ठणकणारी दाढ अंगावर काढू नका.

आपल्याकडे बायका घरातल्या सगळ्यांची दुखणी काढतात आणि स्वतःचे मात्र ‘होईल बरे’ म्हणून ढकलत राहतात. दाताचे दुखणे तर दुखण्यात मोजलेच जात नाही. या सणाला तुमच्या घरातले कोणी चकली बाजूला सारताना दिसले, तर थट्टा करून सोडून देऊ नका. जवळ बसून विचारा.